बॅटरी बदलली आणि चार काचा विसरल्या

पार्श्वभूमी

चिपळूणमध्ये माझं छोटं गॅरेज आहे. इंजिनाची कामं मी घेत नाही. वायरिंग, सेल्फ, अल्टरनेटर, सेंट्रल लॉक, काचा, एवढंच. हे प्रकरण २०२४ च्या गणपतीआधीच्या आठवड्यातलं आहे. गाडीमालक निवृत्त शिक्षक. त्यांचं नाव आणि गाडीचं मॉडेल मुद्दाम देत नाही. गावात सगळे त्यांना गुरुजी म्हणतात, इथेही तेच चालवतो. माझ्या थोरल्या भावाला त्यांनी गणित शिकवलं, त्यामुळे मला ते हक्काने अरेतुरे करतात.

गाडी २०१८ ची, पेट्रोल. चारही दारांच्या काचा ऑटो, म्हणजे बटण पूर्ण ओढून सोडलं की काच आपली आपण वरपर्यंत जाते. गुरुजींनी ती २०२२ च्या सुरुवातीला सेकंडहँड घेतली. हे साल ध्यानात ठेवा, माझ्या चुकीत त्याचा वाटा आहे.

त्या पावसाळ्यात गुरुजी ठाण्याला लेकीकडे होते. गाडी ३८ दिवस शेडमध्ये उभी. परत आले तर बॅटरी पार बसलेली, रिमोटला कुलूपही उघडेना. यात नवल काही नव्हतं. नंतर मी मीटर लावून बघितलं, गाडी बंद असताना ४० मिलीअँपिअर करंट जात होता. अलार्म, सेंट्रल लॉक, घड्याळ यांना तेवढा लागतोच, त्याला बिघाड म्हणत नाहीत. पण ते दिवसाला ०.९६ अँपिअर-अवर, म्हणजे ३८ दिवसांत ३६ च्या वर होतात, आणि बॅटरी होती ३५ ची, तीही चार वर्षं वापरलेली.

बॅटरीच्या दुकानातला मुलगा घरी येऊन नवीन बसवून गेला. काम व्यवस्थित होतं, टर्मिनल घासूनपुसून, ग्रीस लावून. त्याच दिवशी संध्याकाळी गुरुजींनी बाजारात जाऊन चारही दारांना पावसाळी व्हायझर, म्हणजे काचेच्या वर बसणाऱ्या छज्जासारख्या पट्ट्या, लावून घेतले. पाऊस पडत असताना काच बोटभर उघडी ठेवता यावी, एवढाच हेतू. एकाच दिवशी झालेल्या या दोन कामांनी मला पुढे बराच घाम फोडला.

तक्रार

"अरे, काच पूर्वी एका झटक्यात वर जायची. आता बटण धरून बसावं लागतं. सोडलं की तिथेच थांबते. खाली मात्र आपोआप जाते."

गुरुजींचं हे पहिलं वाक्य. निदान त्यातच होतं, आणि मी ते नीट ऐकलं नाही. माझ्याकडे येण्याआधी त्यांनी दुसरीकडे दाखवलं होतं. तिथे सांगितलं गेलं की मोटर कमजोर झाली आहे, काचेची मशीन मोटरसकट बदलावी लागेल, साडेसात हजार होतील. गुरुजींना पैशापेक्षा एक गोष्ट खटकत होती. कमजोर मोटर खाली आपोआप जाते आणि वर जाताना तेवढी हात धरायला सांगते, हे कसं?

काच काय लक्षात ठेवते

पुढचं कळण्यासाठी हे आधी समजून घेतलेलं बरं. ऑटो काच ज्या जोराने वर जाते, त्या जोरात लहान मुलाचं बोट किंवा मान सापडली तर मोठी इजा होऊ शकते. म्हणून आपोआप वर जाणारी काच अडथळा लागला की थांबून उलटी फिरली पाहिजे. युरोपातल्या आर-२१ या नियमात आणि अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस ११८ मध्ये यासाठी १०० न्यूटनची मर्यादा आहे. ढोबळमानाने १० किलो वजनाएवढा दाब. काच आणि चौकट यांच्यात ४ ते २०० मिलिमीटर फट उरलेली असताना दाब त्यापुढे जायच्या आत काचेने मागे फिरायचं.

आता काचेला अडथळा कसा कळतो? मोटरच्या दांड्यावर एक बारीक गोल चुंबक असतं आणि त्याच्यासमोर चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर. दांडा फिरला की ठोके पडतात. ठोके मोजले की काच कुठे आहे ते कळतं, आणि दोन ठोक्यांमधलं अंतर वाढलं की काच अडखळते आहे हे कळतं. अडखळली की उलट फिरव, एवढा साधा हिशेब.

गंमत शेवटच्या ४ मिलिमीटरमध्ये आहे. तिथे काच वरच्या रबरात घुसते, म्हणजे अडखळणारच. तिथे उलटं फिरायचं नसतं, दाबून बसायचं असतं. हे रबर आहे, बोट नाही, हे मॉड्यूलला, म्हणजे काच चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किटला, एकाच गोष्टीवरून कळतं: वरचं टोक नेमकं कितव्या ठोक्याला आहे हे त्याला ठाऊक असतं. कित्येक गाड्यांत बॅटरी काढली की ही मोजणी पुसली जाते. मोजणी नाही म्हणजे रबर कुठलं आणि बोट कुठलं ते सांगता येत नाही, म्हणून मॉड्यूल वर जाण्याचं ऑटो स्वतःहून बंद करून टाकतं. खाली जाताना कोणी चिरडत नाही, त्यामुळे खालचं ऑटो चालू राहतं. गुरुजींच्या शंकेचं उत्तर हे असं होतं. काही गाड्यांत अशा वेळी बटणावरचा दिवा लुकलुकतो, काहींत काच वर जाताना चार-चार बोटं सरकून थांबते. या गाडीत यातलं काहीच नव्हतं. बटण धरलं की काच गुमान वर जायची.

समोर असलेले पर्याय

त्या सकाळी माझ्या डोक्यात चार वाटा होत्या.

मशीन-मोटर बदलणे. खर्च मोठा, आणि चालती मोटर काढून दुसरी चालती मोटर बसवण्याची भीती. यात एक फसवी बाब आहे. नवी मोटर बसवली की कारागीर ती शिकवतोच, म्हणजे वरचं टोक कुठे ते तिच्या मोजणीत नव्याने बसवतो, शिकवल्याशिवाय ऑटो चालतच नाही. म्हणजे काच दुरुस्त झाली असती आणि गुरुजींना शेवटपर्यंत वाटलं असतं की जुनी मोटर खराब होती. अशा किती मोटरी भंगारात गेल्या असतील कोण जाणे.

ड्रायव्हरच्या दारावरचं बटणांचं पॅनेल बदलणे. ऑटोसाठी बटणाला दुसरा टप्पा असतो, तो झिजला तर असंच होतं. हे शक्य होतं, पण खालचा दुसरा टप्पा चालत होता, वरचा तेवढा गेला हे जरा कमी संभवत होतं.

दाराचं पॅड, म्हणजे आतल्या बाजूचं आवरण, उघडून आत बघणे.

आणि बटणानेच काच पुन्हा शिकवणे. खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं, बिघडण्यासारखं काही नाही.

आता वाचताना कोणीही म्हणेल की चौथी वाट आधी. मी तिसरी धरली.

पहिला निर्णय, आणि तो का चुकला

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत घुसलं. त्यानंतर दोन वर्षं माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांच्या दारांत मी काय काय बघितलं ते सांगायला बसलो तर हा लेख तिथेच संपेल. मोटरच्या कनेक्टरमध्ये हिरवा गंज, पॅडखाली वाळलेला गाळ, रेग्युलेटरच्या, म्हणजे काचेच्या मशीनच्या, तारेला चिकटलेला चिखल. तेव्हापासून काचेची तक्रार आली की माझा हात आपोआप पॅडच्या क्लिपांकडे जातो. त्यात ही गाडी पुरानंतर सहा-सात महिन्यांनी सेकंडहँड घेतलेली. "पाण्यातली गाडी गळ्यात मारली असणार," असं मी मनात ठरवून टाकलं, आणि ठरवून टाकल्यावर विचारणं थांबलं.

पॅड उघडलं. दोन क्लिपा तुटल्या. आत सगळं कोरडं आणि स्वच्छ. कनेक्टर चकचकीत. इंजिन चालू ठेवून मोटरच्या तोंडाशी व्होल्टेज मोजलं, १३.६ आलं. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातीची रेघ आहे का ते बघितलं. पुरातल्या गाडीत ती बहुतेक वेळा सापडते, कारण बेल्ट धुवायचं कोणाच्या लक्षात येत नाही. इथे नव्हती. सीटच्या रुळांना गंज नाही. गाडीने पूर बघितलाच नव्हता. ही बेल्टची तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि ती पॅडच्या आधी करायची असते, एवढं मला त्या दिवशीही माहीत होतं.

मग मी गाडीत बसून राहिलो. काहीतरी करायचं म्हणून शेजारच्या सीटवरून डाव्या दाराचं बटण ओढलं. काच अर्ध्यावर थांबली. मागे उजवीकडे जाऊन ओढलं. तिथेही तेच. गुरुजी एकटेच गाडी चालवतात, बाकीच्या काचांना ते हात लावत नाहीत, म्हणून तक्रार एकाच काचेची होती. चार मोटरी एकाच दिवशी दमत नाहीत. मी बाहेर येऊन पहिल्यांदा योग्य प्रश्न विचारला.

"गुरुजी, बॅटरी कधी बदलली?"

"मंगळवारी. का रे?"

"आणि काच कधीपासून अशी?"

गुरुजी क्षणभर माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "मंगळवारपासून."

काच शिकवणे

पॅड परत बसवलं, दोन क्लिपा माझ्या पदरच्या घातल्या. गाडी शेडच्या बाहेर काढून इंजिन चालू ठेवलं, कारण शिकवताना व्होल्टेज पडलेलं चालत नाही. गाडीच्या पुस्तकात रीत दिलेली होती: काच पूर्ण खाली घ्यायची, मग बटण वर ओढून धरायचं, काच वर टेकली तरी सोडायचं नाही, आणखी दोन सेकंद धरायचं. त्या दोन सेकंदांत मॉड्यूल ठरवतं की हे वरचं टोक.

ही रीत सगळ्या गाड्यांना लागू धरू नका. काहींत वर टेकल्यावर एक सेकंद पुरतो, काहींत त्याहून बराच वेळ धरावं लागतं, काहींत एकदा सोडून पुन्हा ओढून धरायचं असतं. तत्त्व तेच, सेकंद वेगळे. आणि शिकवून होईपर्यंत काच अडथळा ओळखत नाही, पूर्ण जोराने वर जाते. त्या वेळी गाडीत लहान मूल नको, खिडकीवर कोणाचा हात नको.

डावी पुढची काच पहिल्या झटक्यात शिकली. मागची उजवी शिकली. ज्या काचेसाठी गुरुजी आले होते ती मात्र वर गेली, दोन बोटं उरली असताना थबकली आणि वीतभर खाली आली. पुन्हा शिकवलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही.

दुसरी गाठ

इथे मी मोटरकडे परत वळलो असतो तर मला कोणी दोष दिला नसता. गुरुजीही म्हणाले, "म्हणजे त्या दुसऱ्याचं बरोबर होतं की काय?"

मला एक गोष्ट अडवत होती. काच आता शहाणी झाली होती. अडथळा ओळखून मागे फिरत होती, म्हणजे शिकवणी लागू पडली होती. मग तिला खरंच काहीतरी अडत असलं पाहिजे. शिकवण्याआधी बटण धरल्यावर ती विनातक्रार वर जात होती, कारण तेव्हा ती आंधळेपणाने जोर लावत होती. अडथळा तेव्हाही होता, फक्त दिसत नव्हता.

बाजूच्या रबराच्या खाचेत सिलिकॉन स्प्रे मारला. थोडा फरक पडला, पण काच दर दोन वेळांना एकदा फिरायचीच. मग एक जुनं लग्नाचं कार्ड फाडून त्याची पट्टी केली आणि काचेच्या खाचेतून खालून वर ओढत नेली. आरशाच्या कोपऱ्यापाशी पट्टी अडकली. बोटाने चाचपलं तर रबर आतून फुगलेलं. वरून बघितलं तेव्हा उलगडा झाला. व्हायझरची कड बाहेरच्या चौकटीवर चिकटवलेली नव्हती, रबराच्या खाचेत खोचलेली होती. बाकी तीन दारांना ती नीट बसली होती, इथे कोपऱ्यात दुमडून काचेवर रेलली होती.

पुन्हा दोन वाटा. एक म्हणजे बटण धरून धरून काच रेटत राहायची, काही दिवसांनी व्हायझरची कड घासून जागा होईल. गिऱ्हाइकाची घाई असेल तर असं सांगून मोकळं होता येतं. पण मग गुरुजींना सवय लागली असती काच फिरली की बटण धरून दाबायची, आणि ज्या दिवशी खरंच बोट असेल त्या दिवशीही त्यांनी धरूनच दाबलं असतं. मी व्हायझर काढायचं ठरवलं. गुरुजी जरा नाराज झाले, नवा कोरा होता. हेअर ड्रायरने दोन्ही टोकांची चिकटपट्टी गरम केली, तंगूस (नायलॉनचा दोरा) मागून घालून करवतीसारखा ओढला, रंगाला चरा न पडता निघाला. खाच पुसली, रबर बोटाने सारखं केलं, काच चौथ्यांदा शिकवली. वर गेली आणि वरच राहिली.

अडथळा ओळखते का ते बघणं बाकी होतं. स्वतःचा हात घालून कधीही बघू नये. मी सहसा पेचकसाची लाकडी मूठ धरतो. गुरुजींच्या गाडीत मागच्या सीटवर बाजारातून आणलेलं तवसं, म्हणजे मोठी काकडी, होतं, घरी तिची तवसळी व्हायची होती. तेच आडवं धरलं. काच वर आली, तवशाला टेकली, लगेच खाली गेली. सालीवर केसाएवढी रेघ उमटली, चीर नाही. गुरुजींनी ती रेघ चष्मा कपाळावर सरकवून जवळून बघितली.

निकाल

शिकवण्याचे पैसे घेतले नाहीत, व्हायझर काढण्याचे दोनशे घेतले. एकूण वेळ गेला अडीच तास, त्यातला दीड तास माझ्या पुराच्या भुताचा.

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी गुरुजींचा फोन. मागची डावी काच अजून तशीच आहे. त्यांचं बरोबर होतं. त्या दिवशी मागच्या डाव्या सीटवर मखराचे पुठ्ठे आणि बाजाराच्या पिशव्या रचलेल्या होत्या. तिथे बसायला जागा नव्हती म्हणून मी "ते नंतर" म्हणालो आणि विसरलो. या गाडीत प्रत्येक काच तिच्या स्वतःच्या दारावरच्या बटणाने शिकवावी लागते, ड्रायव्हरकडून होत नाही.

फोनवरच सांगत गेलो. गुरुजी मागे जाऊन बसले, बटण दाबलं, काच हललीच नाही. माझ्या पोटात गोळा आला. मग मागून पोराचा आवाज ऐकू आला.

"गुरुजी, नातू आलाय का?"

"हो, काल रात्रीच आले सगळे."

"ड्रायव्हरच्या दारावर काचेवर फुली मारलेलं बटण आहे, ते दाबलेलं आहे का बघा."

नातवाने काचेशी खेळू नये म्हणून लेकीने ते दाबून ठेवलं होतं. अगदी बरोबर केलं होतं. ते सोडलं, नातवाला घरात पाठवलं, काच खाली, मग वर, आणि धरून दोन सेकंद. दोन सेकंद गुरुजींनी मोठ्याने मोजले.

पुन्हा अशी गाडी आली तर

माझ्याकडून दोन गोष्टी बदलल्या. काचेची तक्रार आली की आधी चारही काचा वरखाली करतो आणि बॅटरीचं विचारतो. पॅड सगळ्यात शेवटी. दुसरं म्हणजे काचेला नंतर काही लावलंय का ते बघतो: व्हायझर, कड सुटलेली फिल्म, रबरात खोचलेली जाळी.

बॅटरी काढताना दुसरा १२ व्होल्टचा पुरवठा जोडून मेमरी जिवंत ठेवता येते. मी स्वतः कधीकधी ठेवतो, पण घरी कोणाला सुचवत नाही. सुटी पॉझिटिव्ह वायर तेव्हा जिवंत असते, पाना बॉडीला टेकला की ठिणगी. त्यापेक्षा निगेटिव्ह आधी काढून शेवटी लावावी आणि नंतर काचा शिकवाव्यात, हे सोपं. काढण्याआधी काचा बंद करून किल्ली खिशात ठेवावी, म्हणजे पावसात उघडी काच आणि आत राहिलेली किल्ली हे दोन्ही टळतं. बॅटरीनंतर काही गाड्यांत स्टिअरिंगचा दिवा लागतो, थोडं सरळ चालवलं की बहुधा जातो. घड्याळ तर सगळेच लावतात.

बॅटरीच्या दुकानातल्या त्या मुलाला मी हे सगळं सांगितलं. त्याला राग आला नाही. आता तो बॅटरी बसवली की चारही दारांत बसून काचा बघतो. आठवड्याभरात त्याचा फोन आला: काचा झाल्या, पण सनरूफ अर्ध्यावर अडकलंय, तेही दोन सेकंदच धरायचं का? म्हटलं, थांब, काही ओढू नकोस, डॅशबोर्डच्या खणातलं पुस्तक काढ आणि मला वाचून दाखव.